संहितेविना संघर्ष : 'जिंगी नाकी तताकाइ'

१९६०च्या दशकात तोएई या चित्रसंस्थेने 'निन्क्यो' चित्रपटांतून याकुझाचे एक मिथक घडवले. कर्तव्य आणि भावना यांच्या कात्रीत सापडलेला व अखेरीस निष्ठेपायी तलवार उपसणारा नायक हे त्या मिथकाचे केंद्र. त्याच संस्थेच्या, किंजी फुकासाकू दिग्दर्शित 'जिंगी नाकी तताकाइ' (१९७३) या चित्रपटाने ते उद्ध्वस्त केले. 'जिंगी' म्हणजे माणुसकी व न्याय्य आचरण यांची संहिता. तिचा अभाव शीर्षकातच नोंदवला आहे.

अणुबॉम्बच्या ढगाच्या छायाचित्राने चित्रपट सुरू होतो. काळ १९४६चा, स्थळ हिरोशिमालगतच्या कुरे शहरातील काळा बाजार. सैन्यातून परतलेला हिरोनो टोळीप्रमुख यामामोरीसाठी खून करून तुरुंगात जातो. यामामोरी मात्र रडून, खोटे बोलून, अनुयायांना परस्परांवर सोडून टिकून राहतो. माणूस मरताच दृश्य गोठते आणि पडद्यावर त्याचे नाव व मृत्यूची तारीख उमटते. एका याकुझाने तुरुंगात लिहिलेल्या आठवणींवर आधारलेली ही कथा त्यामुळे आख्यायिका न राहता मृतांची नोंदवही होते.

युद्धाच्या अखेरीस किशोरवयीन फुकासाकू शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात राबत होता. वडीलधाऱ्यांच्या आदेशावरून मरणाऱ्या तरुणांची ही कथा, म्हणूनच, केवळ गुन्हेगारीची नाही. अखेरच्या दृश्यात हिरोनो मित्राच्या अंत्यविधीत वेदीवरील सजावटीवर गोळ्या झाडतो. यामामोरी तेथेच असतो. त्याला एकही गोळी लागत नाही. निष्ठा संपली, तरी तिचे लाभार्थी उरतात, हेच या चित्रपटाचे इतिहासभान होय.