सुईणीचा हात

१८७७ साली विश्वनाथ दत्त यांचे कुटुंब कलकत्त्याहून रायपूरला निघाले, तेव्हा आगगाडी नागपुरापर्यंतच येत असे. पुढची वाट बैलगाडीची आणि अरण्यातली. या कुटुंबातला चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र पुढे स्वामी विवेकानंद झाला, आणि तो जिथे राहिला त्या बूढ़ापारा वस्तीचे नाव चरित्रग्रंथांत कायमचे नोंदले गेले. त्याच दिवसांत त्याच वस्तीत ज्या स्त्रिया बाळंत झाल्या, त्यांची नोंद इतिहास ठेवीत नाही. त्यांचा सारा भरवसा एका अनुभवी बाईवर असे. मराठीत तिला सुईण म्हणतात. छत्तीसगढीतही तिचे नाव सुइन दाई. दोन भाषांनी एकच शब्द जपला, आणि दोन्ही समाजांनी त्या बाईला सारखेच दूर ठेवले. अपत्यजन्म मंगल, पण जन्म देणारी खोली विटाळाची, आणि त्या विटाळाला हात लावणारी बाई उंबऱ्याबाहेरची!

या सुईणीला ज्ञान नव्हते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मूल आडवे आहे की पायाळू, हे तिचा हात सांगे. कळा देणारीला धीर कसा द्यावा, हेही तिला ठाऊक असे. मात्र अडलेली बाळंतीण तिच्या आवाक्याबाहेरची होती. शिवाय नाळ कापण्याचे न उकळलेले हत्यार आणि न धुतलेला हात यांतून धनुर्वात व बाळंतज्वर येतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

परंतु हे पंडितांनाही फार पूर्वीपासून ठाऊक होते, अशातला भाग नाही. व्हिएन्नाच्या प्रख्यात रुग्णालयात गेल्या शतकापूर्वीच्या शतकात दोन प्रसूतिविभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. बाळंतज्वराचे मृत्यू विद्यार्थ्यांच्या विभागात कितीतरी अधिक होत. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येत. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि शेकडा दहाच्या घरातले मृत्यू दोनच्या आसपास आले. विद्यापीठाची पदवी आणि स्वच्छ हात या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा तिथे मिळाला. त्याच्या हयातीत मात्र तो फारसा कोणी मानला नाही.

महाराष्ट्रात ही विद्या विद्यापीठात जाऊन मिळविण्याचा ध्यास घेतला तो आनंदीबाई जोशी यांनी. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहाच दिवसांत गेला. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. आपल्या दुःखाचा त्यांनी अभ्यासविषय केला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बावीस वर्षे पुरी होण्याच्या आत ती ज्योत मालवली.

तथापि एक पदवीधर स्त्री लक्षावधी बाळंतिणींना पुरणार नव्हती. १८८५ मध्ये डफरिन फंड निघाला व स्त्रियांसाठी स्त्रियांची रुग्णालये उभी राहू लागली. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांच्या शिक्षणासाठी निराळा निधी झाला. पण शिकावे कोणी? कुलीन घरातली मुलगी हे काम करीना, आणि गावच्या दाईला वर्ग भरेपर्यंत पोट थांबत नव्हते.

ही कोंडी फोडण्यात विधवांचा वाटा मोठा आहे. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी अशा स्त्रिया धाडल्या. इकडे नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी; रायपूरचा कारभारही तिथूनच चाले. बालपणी विवाह आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर वैधव्य वाट्याला आलेल्या कमलाताई होस्पेट तेथल्या डफरिन रुग्णालयात सुईणपण शिकल्या. ज्या स्त्रीला मंगलकार्यात पुढे येऊ दिले जात नसे, तिच्याच हाती आता नवजात बालक प्रथम येऊ लागले.

रुग्णालयातले शिक्षण म्हणजे नुसती व्याख्याने नव्हेत. प्रथम पाहायचे, मग वडील परिचारिकेच्या नजरेखाली स्वतः बाळंतपण करायचे. पोटावर हात ठेवून मुलाचे डोके कुठे आहे ते ओळखायचे, लाकडी नळीला कान लावून हृदयाचे ठोके मोजायचे, कात्री व दोरा उकळून घ्यायचा, वार संपूर्ण पडली की नाही ते तपासायचे. आणि सर्वांत अवघड विद्या दोन: निसर्गाचे काम चालू असताना हात आवरून थांबणे, आणि ते अडले आहे हे वेळीच ओळखून डॉक्टरला हाक मारणे. पुस्तकाने या विद्येचे नाव कळते. ती अंगी येते रात्रपाळीत.

१९२१ मध्ये कमलाताईंनी वेणूताई नेने यांच्यासह नागपुरात चार खाटांचे प्रसूतिगृह काढले. तेच मातृसेवासंघ. पुढे त्याच्या नागपूरबाहेरही शाखा झाल्या. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. चार खाटांनी एवढे सिद्ध केले की, विटाळ हातात नव्हता. पाहणाऱ्याच्या नजरेत होता.

१९४७ च्या कायद्याने परिचर्येच्या व सुईणपणाच्या शिक्षणाला देशभर एक मापदंड आला. १९५६ मध्ये नागपूर व रायपूर यांचे प्रांत वेगळे झाले. रायपुरास १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. छत्तीसगढ राज्य झाल्यावर २००२ मध्ये गावोगावी ‘मितानिन’ नेमण्याची योजना आली. ‘मितानिन’ म्हणजे मैत्रीण. आरोग्याच्या प्रश्नांत गावाला साथ देणारी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने परिचारिकांसाठी सुईणपणाचे अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण ठरविले. वैद्यकाने बराच फेरा घेऊन पुन्हा सुईणीलाच बोलावले आहे.

तिला आता शास्त्र मिळाले, प्रमाणपत्र मिळाले. बूढ़ापाऱ्यातल्या त्या अनाम सुइनीला जे कधी मिळाले नाही, ते तेवढे द्यायचे उरते. तो मान कोणत्याही विद्यापीठाला देता येत नाही. तो घरांनीच द्यावा लागतो.