विसरण-एमआरआय आणि मेंदूतील अर्बुदाची श्रेणी

मेंदूतील गाठ किती आक्रमक आहे, याचा शस्त्रक्रियेपूर्वी अंदाज घेण्यासाठी ऊतकातील पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजण्याची पद्धत. १९८० च्या दशकाच्या मध्यास फ्रान्समधील दनी ल बिआँ यांनी ती मेंदूच्या चित्रणात आणली.

पेशी दाटीने वाढल्या की त्यांच्यामधली जागा आक्रसते आणि पाण्याला फिरायला वाव उरत नाही. ही अडवणूक भासमान विसरण गुणांकात (एडीसी) उतरते. मेंदूभोवतीच्या द्रवात तो सेकंदाला सु. ०.००३ चौ. मिमी., तर निरोगी श्वेतद्रव्यात त्याच्या सु. चौथाई असतो.

या मापनाचा खरा कस लहान मुलांच्या अनुमस्तिष्कातील गाठींत दिसतो. मेड्युलोब्लास्टोमा (श्रेणी ४, सर्वांत आक्रमक) आणि पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा (श्रेणी १) दोन्ही रंजकद्रव्य दिल्यावर उजळतात. एडीसी नकाशावर मात्र पहिला काळपट (कमी मूल्य), दुसरा लख्ख (जास्त मूल्य) दिसतो. पालकांशी बोलण्याआधी शल्यविशारदाच्या हाती आलेली ही माहिती मोलाची आहे.

प्रौढांच्या ग्लायोमात (मेंदूच्या आधारपेशींच्या गाठींत) श्रेणींमधली सीमारेषा धूसर होते. ग्लायोब्लास्टोमातील मृत ऊतक एडीसीची सरासरी वाढवते, म्हणून घन भागातील किमान मूल्य पाहतात. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा खालच्या श्रेणीचा असूनही मूल्य कमी दाखवू शकतो. पुवाच्या गळवातही ते घसरते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात आयडीएच जनुकातील उत्परिवर्तन निर्णायक असल्याने ऊतकपरीक्षण टळत नाही. तुकडा नेमका कुठून घ्यावा, हे मात्र एडीसीच्या सर्वांत कमी मूल्याचा भाग सुचवतो.