पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे काढणे

यूएसबीने जोडलेले साठवणसाधन (पेन ड्राइव्ह, पोर्टेबल हार्ड डिस्क, कार्ड रीडरमधील मेमरी कार्ड) आतल्या फायलींना धक्का न लावता संगणकापासून वेगळे करण्याची कृती. यूएसबीचे पहिले प्रमाण 1996 साली आले, पेन ड्राइव्ह 2000 साली विक्रीस आले. चालू संगणकातून साधन काढता-घालता यावे ही सोय यूएसबीत मुळापासून आहे. नेहमीच्या चपट्या पिनेत विजेच्या पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांहून लांब असतात. वीज आधी जोडली जाते आणि शेवटी तुटते. त्यामुळे धोका विजेचा कमी, अर्धवट लेखनाचा अधिक.

कारण : वेगासाठी संगणक फाइल आधी रॅममध्ये धरून ठेवतो आणि सवडीने साधनावर उतरवतो. कॉपीची हिरवी पट्टी भरून नाहीशी झाली तरी काही भाग उतरायचा राहिलेला असू शकतो. बहुतेक पेन ड्राइव्हची मांडणी फॅट32 किंवा एक्सफॅट असते. कोणती फाइल कुठे ठेवली आहे, याचा तक्ता त्यांत असतो. तो लिहीत असताना ड्राइव्ह ओढला, तर नाव दिसते पण फाइल उघडत नाही, किंवा संगणक ‘फॉरमॅट करा’ म्हणू लागतो. तेव्हा ‘हो’ म्हणू नये आणि त्यावर नवे काही लिहू नये. डेटा बहुधा आतच असतो. एनटीएफएस मांडणीत बदलांची नोंदवही असल्याने तक्ता सहसा सावरतो, मजकुराची हमी मात्र तिथेही नाही.

रीत : विंडोजमध्ये फायली बंद करून टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यातील चिन्हावरून ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करावा. ‘साधन वापरात आहे’ असे आले, तर एखादी फाइल उघडी असते किंवा अँटीव्हायरसची तपासणी चालू असते. काहीच जमेना, तर संगणक रीतसर बंद करून काढावा. लिनक्समध्ये ‘अनमाउंट’, मॅकमध्ये ‘इजेक्ट’.

मतभेद : विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून (2018) ‘क्विक रिमूव्हल’ ही मूळ ठेवण झाली. त्यामुळे आता ही कृती अनावश्यक, असे काहींचे मत. लेखन चालू असताना ओढलेल्या ड्राइव्हला ती ठेवण वाचवत नाही. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कबाबत तर सवय सोडू नये.

भंडारा जिल्हा : भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या सातही तालुक्यांत झेरॉक्सची दुकाने आणि आपले सरकार सेवा केंद्रे हे पेन ड्राइव्हचे नेहमीचे ठिकाण. दुकानदार अर्ज थेट ड्राइव्हवरूनच वर्डमध्ये उघडतो. वर्ड त्याच फोल्डरमध्ये एक लपलेली तात्पुरती फाइल तयार करतो, म्हणून प्रिंट निघाली तरी ड्राइव्ह ‘वापरात’ राहतो आणि घाईतले गिऱ्हाईक तो ओढून घेते. फाइल आधी डेस्कटॉपवर उतरवून घेणे बरे. कॉपी चालू असताना लाईट गेली आणि यूपीएस नसला, तर परिणाम ड्राइव्ह ओढल्यासारखाच.

तलाठ्याचा (आता ग्राम महसूल अधिकारी) डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल पेन ड्राइव्हसारखाच दिसतो. राज्यात 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले, त्यामुळे हा डोंगल सज्ज्यातला परिचित झाला. तो साठवणसाधन नव्हे. त्यात फायली नसतात, स्वाक्षरीची किल्ली असते. मध्येच काढल्यास चालू सही अडते, आतली किल्ली सहसा जात नाही.

मोबाइल : ओटीजीने जोडलेला ड्राइव्ह अँड्रॉइडच्या सूचनापट्टीतून ‘इजेक्ट’ करून काढावा.