मिक्सिंग झक्कास झालं, मग मास्टरिंग कशाला?

सेलूतला ओळखीचा एक पोरगा नात गातो. सहा नाती रेकॉर्ड करून आला आणि विचारू लागला, "चाचा, मिक्सिंग झक्कास झालंय. मग मास्टरिंगचे पैसे वेगळे का मागतात?" पोराच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, म्हणून प्रश्न हसण्यावारी नेता येईना.

'मास्टर' हा शब्द तबकडीच्या काळातला. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा मिक्सिंग म्हणजे भोंग्यापासून कोण किती लांब बसणार, एवढंच. मेणाच्या तबकड्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथे मेणावर धातू चढवून उलटा ठसा काढत आणि त्यावरून लाखेच्या तबकड्या छापत. तो ठसा म्हणजे मास्टर. मिरजेत स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तोही तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांतूनच.

पुढे टेप आली आणि खरी अडचण सुरू झाली. टेपवर जे मावतं ते तबकडीच्या खोबणीत मावत नाही. डग्ग्याचा खर्ज वाढला की खोबण रुंद होते, शेजारणीला भिडते, सुई उडते. म्हणून खर्ज दाबून कोरायचा आणि वाजवताना तेवढाच परत वाढवायचा. 1954 मध्ये याचं माप अमेरिकेत ठरलं, मग जगभर गेलं. हे काम करणारा माणूस मिक्सिंगवाल्याहून वेगळा असे. कॅसेटच्या जमान्यात तर नकलेची नक्कल निघायची आणि कव्वालीतल्या टाळ्यासुद्धा चादरीआडून आल्यासारख्या वाटायच्या.

1982 मध्ये सीडी आली. सुई गेली, खोबण गेली, पण कारागीर राहिला आणि आवाज चढवण्याची शर्यत लागली. आता तीही फुकट. यूट्यूब फार चढा आवाज आपणहून खाली आणतं.

म्हणजे निम्मं कारण उरलंच नाही. एकच नात असती, तर मी त्याला पैसे वाचव म्हणालो असतो. पण उरलेलं निम्मं कानाचं आहे. मिक्सिंग करणाऱ्याने तोच डफ दोनशे वेळा ऐकलेला असतो, त्याला तो खुपेनासा होतो. सहाही नाती आम्ही आधी मोबाइलवर, मग दोस्ताच्या ऑटोत ओळीने लावल्या. चौथीला त्याने आपणहून हात पुढे करून आवाज कमी केला. पाचवीला पुन्हा वाढवला.

"चाचा," तो म्हणाला, "कमीत कमी किती घेतील?"