भुईगावच्या वाचकाची यमुना

१८५७ साली बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ छापून आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. नायिका यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, गावोगावी विधवांचे हाल पाहते, पुढे स्वतःच विधवा होते आणि शेवटी एका ख्रिस्ती माणसाशी लग्न करते. पद्मनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. त्यामुळे प्रचाराचे पुस्तक, हा शिक्का या कादंबरीवर लवकर बसला आणि बराच काळ टिकला.

हे पुस्तक भुईगावात वाचले, तर तो शिक्का तितकासा पटत नाही.

भुईगाव वसईच्या पश्चिम किनाऱ्यावर. एका अंगाला समुद्र आणि सुरूची बने, दुसऱ्या अंगाला केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या. या पट्ट्यात सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले; दोघांच्या घरात बोली एकच, सामवेदी किंवा कादोडी. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या अमलात इथल्या अनेक घरांनी धर्म बदलला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, सत्ता मराठ्यांकडे आली, पण ख्रिस्ती घरे इथेच राहिली. पुण्यातल्या वाचकाला यमुनेचे धर्मांतर म्हणजे घर फुटल्याची बातमी वाटली असेल. भुईगावच्या ख्रिस्ती वाचकासाठी ती शेकडो वर्षे जुनी गोष्ट आहे. घर फुटल्यानंतरही बोली, वाडी आणि शेजार टिकतो, हे त्याला माहीत असते. म्हणून यमुनेचा धर्म बाजूला ठेवून तिने पाहिलेल्या बायकांकडे बघणे त्याला सोपे जाते, आणि कादंबरीचा खरा जीव तिथेच आहे.

वाचकाने स्वतःच्या वाचनाविषयी लिहायचे, ही रीत मराठीत जुनी आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला. त्यात ते कादंबऱ्यांचा स्वतःला असलेला नाद आधी सांगतात आणि मग मोजमाप सुरू करतात. हलब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतात रमलेल्या कथा एकीकडे आणि हरिभाऊ आपट्यांचे वास्तवाकडे वळलेले लेखन दुसरीकडे, असे चित्र तोवर तयार झाले होते. दप्तरे उलगडणाऱ्या या कडक संशोधकाने वाचक म्हणून उघडपणे बोलावे, हे आजही मोलाचे वाटते. हरिभाऊंची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली. आठवड्याआठवड्याला थांबत वाचणाऱ्या लोकांनी त्यातल्या यमूची वाट पाहिली. पद्मनजींची यमुना आणि हरिभाऊंची यमू, दोघी वैधव्याच्याच वाटेने गेल्या. एक धर्माच्या दारातून बाहेर पडली, दुसरीला दारच मिळाले नाही.

पण ही पुस्तके वसईच्या वाचकाला मिळायची कुठे? वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. ती आज ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तो २०१४ चा. ठाण्यात १८९३ मध्ये वि. ल. भावे यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केले, मुंबईत १८९८ मध्ये दुसरे उभे राहिले. खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा पक्का आधार १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने दिला.

ख्रिस्ती घरांत मराठी वाचनाला आणखी एक वाट होती आणि ती देवळाजवळून जात होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२ ते १९६५) मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली आणि वसईत ती मराठी झाली. घरात कादोडी, शाळेत आणि देवळात पुस्तकी मराठी: इथला वाचक कादंबरीपर्यंत या दोन मराठींच्या मधून पोहोचतो. भुईगावजवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. त्यांनी ते मासिक पॅरिशच्या बातम्यांपुरते ठेवले नाही. साहित्य आणि समाज यांना तिथे ऐसपैस जागा दिली. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ते बसले. तो मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू.

आज या पट्ट्यातल्या कुणी श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) उघडली, तर त्याला त्यात ओळखीचा किनारा भेटतो: बागायत, गावकी, सगळ्यांच्या जिभेवर असलेली बापू आणि राधा. नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) खेड्यातून शहरात शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर भेटतो. वसई रोडवरून रोज लोकल पकडून मुंबईतल्या कॉलेजात गेलेल्या मुलामुलींना तो लगेच कळतो. या वाचकांनी आपली टिपणे लिहावीत आणि छापावीत, सुरुवात ‘यमुनापर्यटन’पासून करावी. त्या पुस्तकावर पुण्यामुंबईतून पुष्कळ लिहून झाले आहे. वाड्यांमधून अजून पुष्कळ यायचे आहे.