रायफल गावचं पाणी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, कोलोरॅडो नदीच्याच काठी, रायफल नावाचं छोटं गाव आहे. (हो, नाव खरंच रायफल.) १९२४ मध्ये तिथे व्हॅनेडियम काढायचा कारखाना निघाला. पुढे अणुबॉम्बचा जमाना आला आणि तिथेच युरेनियमही निघू लागलं. १९५८ मध्ये तो बंद झाला, तर गावाच्या दुसऱ्या अंगाला नवा उभा राहिला. धातू गेला, चोथा गावातच राहिला. अशा चोथ्याच्या बंदोबस्तासाठी १९७८ मध्ये कायदा झाला आणि १९९६ पर्यंत रायफलचे ढीग उचलून गावाबाहेर पुरले गेले. पण जमिनीखालच्या पाण्यात मुरलेलं युरेनियम कोण उचलणार?

इथे थोडं रसायनशास्त्र, घाबरू नका. युरेनियमने सहा इलेक्ट्रॉन गमावले असतील तर ते पाण्याबरोबर मजेत वाहत जातं. त्यातले दोन परत दिले की विरघळेनासं होतं आणि गाळ होऊन बसतं. सगळी भानगड त्या दोन इलेक्ट्रॉनांची.

१९९१ मध्ये डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही जीवाणू हे दोन इलेक्ट्रॉन आपणहून देतात. त्यातला एक तर पोटोमॅक नदीच्या चिखलात सापडलेला! मग २००२ मध्ये रायफलच्या जमिनीत ॲसिटेट सोडलं, म्हणजे व्हिनेगरचंच भावंडं. ते खाऊन तिथले जिओबॅक्टर जीवाणू फोफावले आणि काही आठवड्यांत पाण्यातलं युरेनियम झपाट्याने उतरलं. पण पुढे सल्फेटवर जगणारे दुसरे जीवाणू पंगतीत घुसले, ॲसिटेट त्यांनीच फस्त केलं, आणि युरेनियम पुन्हा चढू लागलं.

मला यातली खरी अडचण वेगळीच वाटते. पंगत नीट चालली असती तरी युरेनियम जमिनीतच राहिलं असतं. आमच्या धंद्यात डेटाबेसमधली नोंद 'डिलीट' केली म्हणून नुसती खूण करतात, ओळ टेबलात तशीच असते. तसलाच प्रकार. उद्या तिथे प्राणवायू पोचला की गाळ पुन्हा विरघळणार.

म्हणून मला २००५ चा प्रयोग जास्त आवडतो. केल्व्हिन ग्रेगरी आणि लव्हली यांनी ॲसिटेटऐवजी इलेक्ट्रॉन थेट तारेतून दिले. ग्राफाइटचा इलेक्ट्रोड (पेन्सिलीत असतं तेच ग्राफाइट), त्यावर उणे ५०० मिलिव्होल्ट. नुसत्या इलेक्ट्रोडवरही युरेनियम चिकटलं, पण वीज काढली की सगळं परत पाण्यात. जिओबॅक्टर सोबत असले तर मात्र वीज गेल्यावरही ते चिकटून राहिलं, फक्त हवा लागू द्यायची नाही. मग दूषित मातीने भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडून पाहिलं. अडकलेल्या युरेनियमपैकी ८७ टक्के, इलेक्ट्रोड उपसून काढल्यावर, हातात परत आलं.

हातात आलं! चोथा काढायच्या एवढ्या खटाटोपात हे पहिल्यांदा कुणी मोजून दाखवलेलं मी वाचलं.

अर्थात नळी म्हणजे नदीकाठ नव्हे. सतत एकाच दिशेची वीज दिली तर ती पाणीच फोडण्यात वाया जाऊ शकते आणि भलतेच क्षार इलेक्ट्रोडची जागा अडवतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या यी कुई, स्टीव्हन चू वगैरेंनी समुद्राच्या पाण्यासाठी यावर तोड काढली: व्होल्टेज ठराविक तालात चालू-बंद करायचं. चालू असताना युरेनियम चिकटतं, बंद असताना बाकीचे उपटसुंभ सुटून जातात. समुद्राच्या एक टन पाण्यात युरेनियम असतं जेमतेम ३ मिलिग्रॅम.