जीनोमच्या पटावरील उंचसखल रेषा

जीवसृष्टीचा इतिहास सांगताना आपले लक्ष सहजच बदलाकडे जाते. जे बदलले नाही त्यालाही इतिहास असतो, हे फार उशिरा ध्यानात आले. १९६३ च्या सुमारास इमॅन्युएल मार्गोलिआश यांनी सायटोक्रोम-सी या प्रथिनाची निरनिराळ्या प्राण्यांतील रचना ताडून पाहिली. १०४ अमिनो आम्लांच्या या साखळीत माणूस आणि घोडा यांच्यात अवघ्या १२ जागी फरक आहे. ऱ्हीसस माकड आणि माणूस यांच्यात एकाच जागी. पोथ्यांचे पाठभेद जुळविणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. मात्र येथे पाठ जपणारा लेखनिक कोणी नव्हता. चुकीची नक्कल घेऊन जन्मलेला जीव वंश मागे ठेवू शकला नाही, इतकेच.

१९६८ साली मोतो किमुरा यांनी असे मांडले की, रेणूंच्या पातळीवरील बहुसंख्य बदल हिताचेही नसतात आणि अहिताचेही नसतात. ते योगायोगाने साचत जातात. या विचारामुळे बदलांची एक अपेक्षित गती धरता आली. प्रत्यक्षात बदल त्याहून कमी आढळले, तर त्या जागेवर उत्क्रांतीचा निर्बंध आहे असे समजावे. पुढच्या साऱ्या गुणांकांचा पाया ही साधी वजाबाकीच होय.

पण तीन अब्ज अक्षरांची ही वजाबाकी डोळ्यांनी पाहायची कशी? कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे जिम केंट या संशोधक विद्यार्थ्याने मानवी जीनोमचे तुकडे जुळविणारी आज्ञावली सुमारे चार आठवड्यांत लिहिली आणि ७ जुलै २००० रोजी तो मसुदा सर्वांना खुला झाला. एका सूक्ष्म कृमीची जनुके दाखविण्यासाठी केंट यांनी आधी जे साधन रचले होते, त्यातूनच सांताक्रूझचे जीनोम-दर्शक वाढले. गुणसूत्र आडवे मांडायचे आणि प्रत्येक प्रकारच्या माहितीची एकेक ओळ त्याखाली लावायची, ही त्याची मांडणी. २००२ साली उंदराचा जीनोम शेजारी ठेवता आला आणि सुमारे पाच टक्के भाग नैसर्गिक निवडीने राखलेला असावा, असा अंदाज निघाला. प्रथिनांची कृती सांगणारा भाग दीड टक्क्याच्या आसपास. उरलेले कशासाठी जपले गेले, हा प्रश्न त्या आलेखानेच समोर ठेवला. त्यातील फायलोपी नावाच्या ओळीत जपलेल्या जागा निळ्या रंगात वर उठतात आणि झपाट्याने बदललेल्या तांबड्या रंगात खाली उतरतात.

२०१६ साली दुसरी तुलना आली, माणसांची माणसांशी. एक्झॅक या प्रकल्पाने ६०,७०६ व्यक्तींची जनुके तपासली. ३,२३० जनुकांत प्रथिन अर्धवट तोडणारे बदल जवळजवळ आढळलेच नाहीत आणि यांपैकी ७२ टक्के जनुकांचा तोवर कोणत्याही रोगाशी संबंध जोडला गेला नव्हता. पुढे नोमॅडच्या दर्शकात अपेक्षित आणि आढळलेल्या बदलांचे आकडे एकमेकांशेजारी दिसू लागले.

आजारी बालकाच्या अहवालात एखादे अनोळखी अक्षर सापडते, तेव्हा वैद्य याच ओळींकडे पाहतो. येथे चित्राची भुरळ घातक ठरते. स्तनांच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-१ हे जनुक घ्या. एक्झॅकच्या गुणांकात त्याच्या वाट्याला शून्य येते! कारण तो रोग बहुधा अपत्ये झाल्यानंतर प्रकटतो. निवडीची कात्री तिथवर पोहोचत नाही. दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणाऱ्या रोगांची जनुकेही अशीच फसवितात. गुणांक वंशाचे नुकसान मोजतो, रुग्णाचे नव्हे.

आणखी एक उणीव आपल्याशी निगडित आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोमॅडच्या १,४१,४५६ व्यक्तींत दक्षिण आशियातील १५,३०८ होत्या. जातीपोटजातींत पिढ्यान्‌पिढ्या विवाह करणाऱ्या आपल्या समाजांत काही बदल एकेका गटापुरतेच साठलेले असतात. जागतिक पटावर 'दुर्मिळ' दिसणारे अक्षर त्या गटात सर्रास आणि निरुपद्रवी असू शकते. जीनोम इंडिया प्रकल्पातील सुमारे दहा हजार भारतीयांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाली.